तुला कापून पाठवलेले फोटो

पूनम,

तू गेलीस त्याच दिवशी दुपारी दादाने मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "तिचा एखादा चांगला फोटो दे. सगळ्यांना कळवावं लागेल, दशक्रियेच्या मेसेजमध्येही टाकावा लागेल." मी लगेच खिशातून फोन काढला. फोटो मागायचे ते माझ्याकडे, हे आपल्या घरात ठरलेलंच होतं. मी बोट सरकवत गेलो. आरू खिडकीत. आरू टबात. ओवी आणि आरू बाल्कनीत. ओवीचे पुढचे दात पडलेले. आरू, आरू, ओवी, आरू. दादा आधी उभा होता, मग खुर्चीवर टेकला, मग म्हणाला, "राहू दे रे. नितीनच्या लग्नातला आहे माझ्याकडे, तोच देतो." त्याला वाटलं, मला तुझा चेहरा बघवत नाहीये. मी तसंच वाटू दिलं. खरं तर बघायला चेहराच नव्हता.

आता तीन आठवडे झाले. साधा ताप म्हणून आपण दवाखान्यात गेलो आणि पाचव्या दिवशी मी एकटा परत आलो. लोक येतात, तुझ्याबद्दल चांगलं बोलतात, मुलांच्या डोक्यावरून हात फिरवतात आणि जातात. मला त्यांच्याशी काहीच बोलायचं नसतं. मला तुझ्याशी भांडायचंय आणि तुझी माफीही मागायचीये. यातलं आधी काय करावं ते कळत नाही.

दशक्रियेला गंगेवर, गोदेच्या काठी, खुर्चीत तोच फोटो ठेवला होता, तुझ्या मामेभावाच्या लग्नातला. पार्लरवालीने रंग उजळलेला, भुवया कोरलेल्या, गळ्यात वहिनीचा हार, आणि फोटोग्राफरने सांगितलेलं हसू. आरू माझ्या आईच्या कडेवर होता. ओवीने त्याला बोट दाखवून सांगितलं, "आरू, ती बघ मम्मी." आरूने पाहिलं. नीट पाहिलं, मान वाकडी करून. मग म्हणाला, "ती नवली आहे." ओवी म्हणाली, "नवरी नाही रे, आपली मम्मी." आरूने जोरात मान हलवली आणि गर्दीतल्या बायकांकडे बघायला लागला. त्याला पुन्हा सांगायची माझी हिंमत झाली नाही.

सगळे म्हणतात, लहान आहे, विसरेल. धीर द्यायला म्हणतात. मला त्याचीच भीती वाटते. ओवी सहा वर्षांची आहे, तिला तू आठवशील, तुझा आवाज, तुझ्या हाताचा वास, सगळं. आरू अडीच वर्षांचा आहे. त्याच्याकडे तू राहणार नाहीस. मोठा झाल्यावर तो विचारेल, मी मम्मीकडे होतो तेव्हाचा फोटो दाखवा. त्याचा बाप तर कारखान्यात फोटोंसाठी प्रसिद्ध माणूस. त्या माणसाकडे असा एकही फोटो नाही, हे त्याला कसं सांगायचं?

मी कसे फोटो काढायचो ते तुझ्याइतकं कुणी पाहिलेलं नाही. आधी बनियनच्या टोकाने लेन्स पुसायची, कारण घरात मुलं असली की फोनवर तेलाची बोटं असतातच. ट्यूबलाइट बंद, खिडकीचा पडदा पूर्ण उघडा, मूल खिडकीकडे तोंड करून. फ्लॅश कधीच नाही. मग मी फरशीवर पालथा पडायचो, म्हणजे फोन आरूच्या डोळ्यांच्या उंचीला यायचा. वरून काढलं की मुलं बुटकी आणि केविलवाणी दिसतात, हे मी तुला कितीदा ऐकवलं असेल. एकाच क्षणाचे दहा-बारा काढायचे, त्यातला एक ठेवायचा. मागे पसारा दिसता कामा नये. तू पोळ्या लाटता लाटता म्हणायचीस, "कामावरून आलात तरी इन्स्पेक्शन सुटत नाही तुमचं." खरंच होतं ते. ओझरला कारखान्यात दिवसभर मी सुट्या भागांची मापं तपासतो. बसलं तर पास, थोडं चुकलं तर दुरुस्ती, नाहीतर नापास. घरी येऊन फोटोंचं तेच करायचो.

आणि त्या पसाऱ्यात तू होतीस.

तान्हेपणी आरूला चादरीवर एकट्यालाच निजवून मी फोटो काढायचो; पुढे तो एका जागी थांबायचा नाही, म्हणून त्याला तूच धरून बसायचीस. घरात तू कायम गाऊनवर. थंडीत गाऊनवर माझा जुना मरून स्वेटर, केसांना तो मोठा क्लच, हाताला पीठ. दर फोटोत तुझं काही ना काही यायचंच. कोपर, मांडी, अर्धा चेहरा. मग तू फोन मागायचीस. "दाखवा. अहो, माझा गाऊन येतोय यात. काढा मला."

"खांदा तर येतोय फक्त."

"खांदा तर खांदा. ग्रुपवर अण्णा आहेत, दादा आहेत. काय म्हणतील, सून घरात अशी राहते."

चांदवडला अण्णांकडे गेलीस की तुझा पदर डोक्यावरून खाली यायचा नाही, हे मला माहीतच होतं. त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. मी तुला कापायचो, पुन्हा दाखवायचो, तू "हं, आता टाका" म्हणायचीस, आणि मी घरच्या ग्रुपवर टाकायचो. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटायचं. तुला काढलं की फोटो सुटसुटीत व्हायचा.

कापलेला फोटो ठेवला आणि मूळचाही राहू दिला, असं मी केलं असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण कारखान्यात आमचा पहिला नियम असा की एखाद्या भागाचं नवीन ड्रॉइंग आलं की जुनं त्याच दिवशी मागे घ्यायचं आणि फाडायचं. जुनं हाताशी राहिलं तर कुणीतरी त्यावरून माल करून ठेवतो. ही शिस्त मी घरी आणली. कापून झालं की मूळ फोटो डिलीट. एका फोटोच्या दोन प्रती नकोत. दोन वर्षं, रोज, न चुकता. एवढा नेम मी दुसऱ्या कशाचाच पाळला नाही.

दशक्रियेच्या दुसऱ्या दिवशी अण्णा माझ्याजवळ येऊन बसले. मग म्हणाले, "तू पोरांचे लय फोटो टाकतो. मी रोज सकाळी बघतो. पण आरू झाल्यापासून सूनबाई कधी दिसली नाय त्यात. तिचा घरातला एखांदा नाय का? साधा, काम करतानाचा?"

"नाही अण्णा."

"मी तुह्या आईला म्हणायचो, पोरीला फोटो काढून घ्यायचं आवडत नाय वाटतं. मला तर ती कामात असायची तशीच बरी वाटायची. तो फोटो ठेवला ना काल, ती आपली पूनम नाय वाटत."

पूनम, ज्यांच्यासाठी आपण तुला कापत होतो ते हे बोलत होते. तुम्हाला दिसू नये म्हणून कापायचो, हे मी त्यांना सांगितलं नाही. या वयात त्यांच्या जिवाला ते कशाला लावून देऊ.

त्याच दुपारी मला आठवलं की डिलीट केलेले फोटो महिनाभर फोनच्या कचऱ्याच्या पेटीत राहतात. मी बोलता बोलता उठलो आणि आतल्या खोलीत जाऊन पेटी उघडली. रिकामी. आधी कळेना. मग कळलं. दवाखान्यात तू आत होतीस तेव्हा मी बाहेर बाकावर होतो. तुझा रिपोर्ट फोनवर येणार होता, तो दादाच्या ओळखीच्या डॉक्टरांना दाखवायचा होता. फोन सांगायला लागला, जागा नाही. मी घाईघाईत ती पेटी उघडली आणि एका बोटात रिकामी केली. आत काय आहे ते पाहिलंही नाही. महिनाभराच्या कापलेल्या फोटोंचे मूळ फोटो होते त्यात. गाऊनमधली तू होतीस. रिपोर्ट आला, मी पुढे पाठवला, त्याचा काही उपयोग झाला नाही. तो अजून फोनमध्ये आहे.

मोबाइल दुरुस्तीवाल्याकडेही जाऊन आलो. मुंबई नाक्याजवळचा तो पोरगेला माणूस चांगला होता. तासभर खटपट केली आणि मग विचारलं, "दादा, त्यानंतर नवीन काही फोटो काढले का यात?" काढले होते. दशक्रियेला मुलांचे काढले होते, सवयीने. तो म्हणाला, "मग अवघड आहे." कशाचे होते ते त्याने विचारलं नाही, आणि मी त्याचे आभार मानून निघालो.

व्हिडिओ आहेत, त्यांत तुझा आवाज आहे. आवाज कापता येत नाही म्हणून राहिला. एकदा लावला. "आरूशेठ, इकडे कोण बघणार?" एवढंच आहे त्यात. आरू खेळता खेळता उठला आणि थेट स्वयंपाकघरात गेला. ओट्याखाली पाहिलं, दाराआड पाहिलं, बाल्कनीचं दार ढकललं. परत आला आणि माझ्याकडे बघत राहिला. त्यानंतर मी व्हिडिओ लावलेला नाही.

मग कपाटात जुन्या फोनचं कार्ड सापडलं. ओवी तान्ही होती तेव्हाचं. त्यात तू आहेस, पूनम, गाऊनसकट. वाकडे, पिवळट फोटो, ट्यूबलाइटच्या उजेडात काढलेले, मागे दोरीवर लंगोट वाळत घातलेले. ओवी तुझ्या मांडीवर आणि तू खदाखदा हसतेयस. त्या वेळी मला फोटो काढता येत नव्हते.

ते मी आरूला दाखवले. त्याने तुला एका क्षणात ओळखलं. "मम्मी!" म्हणाला, आणि मांडीवरच्या बाळावर बोट ठेवून म्हणाला, "आलू." मला वाटलं, असू दे, होऊ दे हा त्याचा फोटो. पण ओवी शेजारीच होती. ती म्हणाली, "पप्पा, त्याला सांगा ना, ती मी आहे. तो माझा आणि मम्मीचा फोटो आहे." तिचं बरोबर होतं. तिच्याकडेही आता तेवढंच आहे. ते काढून मी दुसऱ्याला कसं देऊ? मी आरूला सांगितलं, बाळा, ही ताई आहे. त्याने विचारलं, "आलू कुठे?" मी पुढचे फोटो दाखवत गेलो आणि कार्ड संपलं.

तुझा फोन उघडायचं धाडस नंतर केलं. पॅटर्न ओवीला माहीत होता. त्यात पाककृतींचे स्क्रीनशॉट, शाळेच्या सूचना, लसीकरणाच्या कार्डाचा फोटो, आणि मीच पाठवलेले मुलांचे कापलेले फोटो. आणि मी. रविवारी दुपारी आरूला पोटावर घेऊन झोपलेला मी, तोंड उघडं, बनियनला भोक. आरूला पाणी पाजताना मी. त्याला उलटी चड्डी घालणारा आणि ते न कळलेला मी. सगळे हललेले, अर्ध्यांत तुझा अंगठा आलेला. माझ्याकडे आले असते तर एकही पास झाला नसता. ते तू कुणाला पाठवले नव्हतेस, मला दाखवलेही नव्हतेस. तू मला एकाही फोटोत कापलं नाहीस, पूनम. आरूला त्याच्या बापाबद्दल जे कळेल ते तू काढलेल्या फोटोंतून कळेल. एवढं तू माझ्यासाठी करून ठेवलंस आणि मला ते माहीतही नव्हतं.

गेल्या आठवड्यात कामावर जायला लागलो. आमच्याकडे पगारे म्हणून नवीन मुलगा आहे, त्याला दोन महिन्यांपूर्वी मुलगी झाली. जेवणाच्या सुट्टीत चाचरत आला. "सर, राग मानू नका, अशा वेळी विचारू नये. पण तुमच्यासारखे फोटो काढायचे तर काय करावं लागतं?" मी सांगितलं. लेन्स पूस, खिडकीपाशी बस, फ्लॅश नको, तिच्या उंचीला ये. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग मी म्हणालो, "आणि बायकोला फोटोत घे."

"ती नको म्हणते सर. अवतार असतो म्हणते."

"असू दे. तरी घे."

"ओरडेल सर ती."

"ओरडू दे रे तिला," मी म्हणालो, आणि माझा आवाज फाटला. तो बिचारा उभाच राहिला. मी डबा तसाच ठेवून मशीनकडे निघून आलो.

त्याला मी जे सांगितलं नाही ते तुला सांगतो. तुला ते माहीत आहेच, पण मी ते कबूल केलेलं नाही. आरू पहिल्यांदा उभा राहिला तो रविवार. सकाळचं ऊन बाल्कनीतून आत आलं होतं, मी फरशीवर पालथा, आणि तो तुझ्या गुडघ्याला धरून डुलत उभा. असा फोटो पुन्हा मिळणार नव्हता. आणि मी म्हणालो, "जरा आवरून बसत जा ना. सगळा फोटो खराब होतो." तू आरूचे हात तुझ्या गुडघ्यावरून सोडवलेस, स्टुलावर ठेवलेस आणि सरकत फोटोबाहेर गेलीस. मी फोटो काढला. तो सगळ्यांना फार आवडला.

त्याआधी तू कधी अण्णांचं नाव घेतलं नव्हतंस. मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. ओवीच्या वेळीही ग्रुप होता, अण्णा होते, तू गाऊनवरच असायचीस आणि तुझे फोटो जायचे. अण्णा, दादा, लोक काय म्हणतील, हे सगळं त्या रविवारनंतर सुरू झालं. माझ्या बोलण्याला तू दुसऱ्याचं नाव दिलंस, म्हणजे मला कधी लाज वाटू नये. आणि मी इतका शहाणा की दोन वर्षं ते खरंच समजून चाललो. तू भांडायला हवं होतंस. फोन हिसकावून घ्यायला हवा होतास. याचा मला तुझा राग येतो, आणि तुझ्यावर रागवायला मला तोंड नाही.

आज आरूचा बालवाडीचा पहिला दिवस होता. दफ्तर तूच आणून ठेवलं होतंस. मला फोटो काढायचा नव्हता, पण ओवी म्हणाली, "माझा काढला होता ना पहिल्या दिवशी? मग त्याचा पण काढा." मी त्याला खिडकीपाशी उभं केलं आणि गुडघ्यांवर बसलो.

आरूच्या फोटोंत एक खोट मला कधीच काढता आली नाही. त्याची नजर. तू माझ्या डाव्या खांद्याच्या मागे उभी राहायचीस, डोक्यावर वाटी ठेवून, कधी चमचा नाकाला लावून, आणि तो तुझ्याकडे बघून हसायचा. त्यामुळे प्रत्येक फोटोत तो बाजूला बघतोय. मी वैतागून म्हणायचो, "बरोबर फोनच्या मागे उभी राहा ना, नजर तिरकी येतेय." तू म्हणायचीस, "येऊ द्या की. माझ्याकडे बघतोय, हसतोय, अजून काय पाहिजे?" आपलं यावर कधी एकमत झालं नाही.

मी फोन वर केला. आरूने माझ्या डाव्या खांद्याच्या मागे पाहिलं. तिथे भिंत आणि कॅलेंडर. त्याने वाट पाहिली. ओवी त्याला हाका मारत होती, टाळ्या वाजवत होती, तिच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. मग त्याची नजर तिथून निघाली आणि सावकाश फोनवर आली. मी बटण दाबलं.

फोटो स्वच्छ आलाय. उजेड एका बाजूने, दोन्ही डोळ्यांत खिडकी दिसतेय, मागे काहीही नाही. नजर अगदी मधोमध. दोन वर्षं तुझ्याशी वाद घालून मला हवा होता तो हाच फोटो, पूनम. आरू सरळ माझ्याकडे बघतोय, कारण बघायला दुसरं कुणी उरलेलं नाही.